माय-अण्णा ट्रकात बसतात: आरपीजीतला कळीचा प्रसंग कसा बांधायचा

आरपीजीतला (पात्र होऊन गोष्ट जगायच्या व्हिडिओ गेममधला) कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेला प्रसंग, बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. खेळणाऱ्याच्या हातून बटणं काढून घेतलेली असतात आणि ती परत कधी मिळणार याचा त्याला पत्ता नसतो. मग चित्र कितीही देखणं असो, संगीत कितीही भरून आलेलं असो, तो अंगठा आपटत बसतो. म्हणून प्रसंग लिहायला घेतला की पहिला हिशेब बटणांचा करायचा. कुठली बटणं किती सेकंद काढून घ्यायची, आणि त्याआधी त्याच बटणांनी त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं, हे ठरवायचं. रडवणं नंतर.

सगळं एकाच उदाहरणावर दाखवतो. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात एक गाव आहे. दिवाळी उरकली आहे, मुकादमाचा ट्रक वेशीत लागला आहे आणि ऊसतोडीची टोळी निघायच्या तयारीत आहे. १३ वर्षांची गोदा मागे राहणार, सोबत धाकटा पिंट्या आणि आज्जी. गेमच्या पहिल्या तीन तासांत गोदा, माय आणि अण्णा अशी तिघांची पार्टी (मिळून लढणारा चमू) होती. रात्री राखणीला जायचं आणि पिकात घुसणाऱ्या रानडुकरांशी पाळीपाळीने लढायचं. गोदाकडं गोफण, अण्णाकडं कोयता. आता माय-अण्णा पार्टीतून जाणार. आकडे आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे देतो, कारण एकट्यादुकट्या माणसाला ते सोपं पडतं. गोडो हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी जिथं फरक पडतो तिथं सांगतो.

आधी वही, मग एडिटर

वहीत दोन रकाने आखा, ‘आधी’ आणि ‘नंतर’. प्रसंगामुळे गेममध्ये जे जे बदलणार ते सगळं त्यात उतरवा. पार्टीत कोण, कुणाच्या अंगावर काय, पिशवीत काय, पैसे किती, कोणते स्विच (गेमनं लक्षात ठेवायच्या हो-नाहीच्या खुणा) चालू, गोदा कुठल्या टाइलवर (नकाशातल्या चौकोनावर), तोंड कुठल्या दिशेला, कुठलं संगीत, पडद्याचा रंग, सेव्ह करता येतं की नाही. आमच्या या साध्या प्रसंगातसुद्धा चौदा-पंधरा ओळी होतात. संवाद अजून एकही लिहिलेला नसतो. वही पुढे जपून ठेवा, स्किपचं बटण बसवताना तीच कामी येते.

‘नंतर’च्या रकान्यात जर काहीच बदलत नसेल, तर तो प्रसंग कटसीन म्हणून नकोच. विहिरीवरच्या बायकांच्या तोंडी दोन वाक्यं टाका, भागतं.

हात आधी कामाला लावा

खेळणाऱ्याला दुःख होतं ते त्याने स्वतः केलेल्या कामाचं. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ मधला एरिथचा मृत्यू लोक अजून काढतात. त्यामागे तिथली चित्रफीत आहेच, पण त्याहून मोठं कारण हे की तोवर तिला लढायांत वापरलेलं असतं, तिची ताकद वाढवलेली असते. पार्टीतली एक जागा रिकामी होते तेव्हा हात तिथं जातो आणि मोकळा परत येतो.

आपल्या प्रसंगात ते काम म्हणजे सामान ट्रकात चढवणं. गेमच्या सुरुवातीपासून एकच कृतीचं बटण आहे आणि पडद्यावर त्याचं नाव ‘उचल’. त्याच बटणाने गोदानं कळशी उचलली, सरपण उचललं, पिंट्याला कडेवर घेतलं. आता त्याच बटणाने चार वस्तू घरापासून ट्रकापर्यंत न्यायच्या: ज्वारीच्या पिठाची गोणी, पत्र्याची पेटी, भांड्यांचं बोचकं आणि कोपीसाठी (फडावरच्या झोपडीसाठी) ताडपत्रीची गुंडाळी. (मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशालाही उचलच म्हणतात. बीडच्या खेळणाऱ्याला हे फोडून सांगायला जाऊ नका.)

ओझं उचललं की गोदाचा वेग ४ वरून ३ करा. एमझेडमध्ये वेग ४ ला एक टाइल १६ फ्रेममध्ये पार होते, वेग ३ ला ३२ फ्रेममध्ये. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. घर ते ट्रक अंतर १२ टाइल ठेवलं तर ओझ्यासकट जाणं साधारण साडेसहा सेकंद, मोकळं येणं सव्वातीन. चार खेपा धरल्या की चाळीस सेकंद होतात. सहसा याहून लांबवू नका. पाचव्या खेपेला हमाली वाटायला लागते आणि खेळणाऱ्याचं मन त्यातून उठून जातं.

चौथी वस्तू टाकून गोदा परत घरात आली की उचलायला काही उरलेलं नसतं. भिंतीला गोणीचा पांढरा डाग तेवढा राहतो. तिथं काहीही लिहू नका. खेळणारा दोन-तीनदा बटण दाबून बघेल, काही होणार नाही, आणि तो आपणहून बाहेर जाईल. प्रसंग इथून सुरू होतो. अजून कटसीन लागलेला नाही आणि हात त्याच्याच ताब्यात आहेत.

ट्रिगर आणि जागा

गोदा मायेसमोर उभी राहून बटण दाबते, तिथून पुढे खरा कटसीन. नवखे इथं दोन चुका हमखास करतात.

पहिली चूक म्हणजे इव्हेंटला (नकाशावर ठेवलेल्या आदेशांच्या यादीला) ‘ऑटोरन’ लावायचं आणि तो बंद करायचा विसरायचं. ऑटोरन इव्हेंट त्याच्या पानाची अट खरी असेपर्यंत पुन्हापुन्हा चालतो आणि तेवढा वेळ खेळणाऱ्याला हलू देत नाही. गेम गोठला असं वाटतं, एरर मात्र काहीच येत नाही. शेवटच्या ओळीत सेल्फ स्विच ‘ए’ (त्या इव्हेंटपुरता स्विच) चालू करा. त्याच इव्हेंटला दुसरं, पूर्ण रिकामं पान जोडा आणि त्या पानाची अट सेल्फ स्विच ‘ए’ ठेवा.

दुसरी चूक जागेची. खेळणारा मायेकडं तीन बाजूंनी येऊ शकतो. तुम्ही मात्र हालचाली लिहिल्यात त्या तो डावीकडून आला असं धरून. उजवीकडून आला की गोदा मायेच्या अंगातून चालत जाते. यावर लोक दिशा तपासणाऱ्या लांबलचक अटी लिहितात. त्यापेक्षा मायेच्या दोन बाजूंना दोन गोण्या ठेवा, म्हणजे उभं राहायला एकच टाइल उरते. नकाशानं जे काम होतं त्यासाठी कोड लिहू नये.

मागे चालणारे सोबती दिसत असतील तर कटसीनच्या पहिल्या ओळीत त्यांना एकत्र बोलावून घ्या आणि दिसणं बंद करा. नाहीतर माय ट्रकाजवळ उभी आणि दुसरी माय गोदाच्या पाठीमागे, असा चमत्कार घडतो.

प्रसंगाच्या आधी आपोआप सेव्ह ठेवा. आणि अवघड लढाईच्या तोंडावर लांब कटसीन कधीच नको. हरलेला माणूस तोच संवाद सातव्यांदा वाचतो तेव्हा त्याला पात्राचा नाही, तुमचा राग येतो. लढाई आधी, बोलणं नंतर. ते जमत नसेल तर सेव्ह दोघांच्या मध्ये बसवा.

ट्रक निघतो: इथं हात परत द्या

या प्रसंगातला कळीचा क्षण ट्रक हलण्याचा. बहुतेक जण इथं कॅमेरा ट्रकावर नेतात, पडदा काळा करतात आणि पुढच्या दिवसावर उडी मारतात. आमचं म्हणणं उलटं आहे. नेमक्या याच वेळी बटणं परत द्या. गोदाला ट्रकामागे पळता आलं पाहिजे, आणि तिला तो गाठता येता कामा नये.

हे भिंत घालून करायचं नाही, वेगाच्या गणितानं करायचं. पडदा ८१६ बाय ६२४, टाइल ४८ ची, म्हणजे आडव्या १७ टाइल. गोदा मधोमध असते, तिच्या पुढे ८ टाइल दिसतात. ट्रकचं चित्र ५ टाइल लांब धरू. ट्रकचा इव्हेंट गोदाच्या ३ टाइल पुढे, म्हणजे ट्रकचं मागचं टोक तिच्या अगदी समोर.

ट्रक पहिल्या ४ टाइल वेग ३ नं जातो. १२८ फ्रेम, दोन सेकंदांहून थोडं जास्त. एवढाच वेळ गोदा बांधलेली. मग ट्रकचा वेग ४ होतो आणि त्याच क्षणी बटणं मोकळी होतात. गोदाचाही वेग ४. पुढच्या १२ टाइल, म्हणजे १९२ फ्रेम, तीन सेकंदांहून थोडं जास्त, ती जीव खाऊन पळाली तरी अंतर ना कमी होतं ना वाढतं. पडद्याच्या उजव्या बाजूला ट्रकचा मागचा फाळका दिसत राहतो. मग ट्रक वेग ५ घेतो. आता तो १६ फ्रेमला दोन टाइल जातो आणि ती एक. सेकंदभरात फाळका पडद्याबाहेर.

जो खेळणारा पळालाच नाही, जागेवर उभा राहिला, त्याच्या पडद्यावरून ट्रक लवकर जातो. त्याला काही बोलू नका, गुण कापू नका. उभं राहणं हेही वागणंच आहे.

यात बिघडण्याच्या जागा बऱ्याच आहेत. शिफ्ट दाबून पळण्याची सोय चालू राहिली तर गोदा वेग ५ नं धावते आणि ट्रकाच्या चित्रात घुसते. त्या नकाशावर डॅशिंग बंद करा. ट्रकची हालचाल ऑटोरनमध्ये लिहिलीत तर गोदा हलणारच नाही, ती पॅरलल (खेळणाऱ्याला न अडवता चालणाऱ्या) इव्हेंटमध्ये टाका आणि शेवटी तोही सेल्फ स्विचनं बंद करा. नकाशा रस्त्याच्या दिशेनं किमान ४५ टाइल लांब ठेवा. तो आखूड असला तर कॅमेरा कडेला अडतो, गोदा मधोमध राहत नाही आणि वरचं सगळं गणित कोसळतं.

आणि कोंबडी. गाव जिवंत वाटावं म्हणून रस्त्यावर मनाला येईल तशी फिरणारी कोंबडी सोडलेली असते. ती ट्रकाच्या वाटेत आली की हालचालीचा आदेश वाट मोकळी व्हायची वाट पाहत बसतो. कोंबडी हलेस्तोवर ट्रक जागेवर. ‘हलता येत नसेल तर सोडून दे’ या खुणेवर टिचकी मारलीत तर आदेश अडत नाही, पण तेवढी पावलं गळतात आणि ट्रक भलत्याच ठिकाणी थांबतो. ट्रकला ‘थ्रू’ (आरपार जाण्याची सोय) चालू करा, आणि प्रसंग सुरू होताना कोंबडी रस्त्याबाहेर नेऊन ठेवा.

ट्रक गेल्यावर काहीही सुरू करू नका. गोदा रस्त्यात उभी आहे, बटणं हातात आहेत. किती वेळ उभं राहायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. घरी परतण्याची सगळी वाट त्यालाच चालू द्या. घरात पाऊल टाकलं की आज्जी एवढंच म्हणते, ‘तवा तापलाय, ये.’

बोलणं

मराठी गेमांतले संवाद पुष्कळदा डब केलेल्या कार्टूनसारखे का वाटतात? पात्रं मनातलं सगळं तोंडानं सांगतात म्हणून. हे बघा:

‘प्रिय गोदा, तुला सोडून जाताना माझ्या हृदयाचे तुकडे होत आहेत. पण आम्हाला जावंच लागेल.’

बीड जिल्ह्यात कुठली माय असं बोलते? ट्रक चालू असताना ती कामाचं बोलेल:

‘ज्वारी कणगीत हाय. पिंट्याकडं ध्यान ठिव. शाळा बुडवू नको.’

गोदा विचारते, ‘कवा येणार?’

‘पाडव्याला येताव.’

दिवाळी ते पाडवा म्हणजे किती महिने, हे मराठी वाचणाऱ्याला बोटं मोजायच्या आत कळतं. त्यासाठी वेगळं वाक्य नको. बोलीचं पथ्य एकच आहे: ‘येताव’, ‘जाताव’ ही रूपं एका पात्राला दिलीत तर त्या घरातल्या सगळ्यांना द्या आणि शेवटपर्यंत पाळा. माय मराठवाड्याची आणि आज्जी पुण्याची, असं होता कामा नये. प्रत्येक बॉक्स मोठ्यानं वाचून बघा. दम मध्येच लागला तर वाक्य लांब झालंय.

संवादात थांबे घालायचे ते मोजून. एमझेडमध्ये मजकुरात बॅकस्लॅश आणि त्यापुढे टिंब लिहिलं की पाव सेकंद थांबतं. बॅकस्लॅशपुढे उभी रेघ दिली तर एक सेकंद, आणि उद्गारचिन्ह दिलं तर बटण दाबेपर्यंत. ‘कवा येणार?’ नंतरचा बॉक्स एका सेकंदाच्या थांब्यानं सुरू करा, मग ‘पाडव्याला’, मग पाव सेकंद, मग ‘येताव’. सेकंदाचा थांबा एका प्रसंगात दोनदाच वापरा. तिसऱ्यांदा त्याची सवय होते. गावच्या सप्त्यात कीर्तन ऐकलं असेल तर हे नव्यानं शिकायला नको. बुवा हात वर करतात, टाळ थांबतात आणि पुढचा शब्द यायच्या आत मंडपात कुणी हलत नाही. तो थांबा बुवांनी मोजलेला असतो.

पडदा पूर्ण स्थिर आणि मजकूर नाही, असं तीन सेकंदांवर नेऊ नका. फोनवर खेळणाऱ्याला गेम अडकला असं वाटतं आणि तो बाहेर पडतो. शांतता लांबवायचीच असेल तर काहीतरी हलतं ठेवा. ट्रकचा धूर पुरे आहे.

देवनागरीचा घोळ

हा भाग इंग्रजी शिकवण्यांत सापडत नाही, आणि मराठी गेमचा निम्मा त्रास इथंच असतो.

टाइपरायटरसारखा एकेक अक्षर उमटणारा मजकूर इंग्रजीला शोभतो. देवनागरीत तो तुटतो, कारण संगणकासाठी अक्षर म्हणजे कोडपॉइंट, अक्षराच्या प्रत्येक तुकड्याला दिलेला आकडा. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर, पण आत सहा कोडपॉइंट आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. एकेक करून दाखवलं तर आधी स दिसतो, मग पाय मोडका स्, मग स्त, असं अक्षर वळवळत राहतं. ‘कि’ मध्ये तर वेलांटी कोडमध्ये नंतर येते आणि पडद्यावर आधी लागते. आधी क उमटतो, मग वेलांटी आली की उजवीकडं सरकतो. दोन ओळींत डोळा वैतागतो.

एमझेडच्या आधीचा आरपीजी मेकर एमव्ही प्रत्येक कोडपॉइंट स्वतंत्र रंगवतो, त्यामुळे त्यात काना-मात्रा कायमच सुट्या पडतात. प्लगिन न लावता मराठी लिहायची असेल तर एमव्हीच्या नादी लागू नका. एमझेडमध्ये ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश आणि ‘मोठे’चं चिन्ह (>) दिलं की ती ओळ एकदम उमटते आणि जोडाक्षरं शाबूत राहतात. मात्र मध्ये थांब्याची खूण असेल तर ती शब्दाच्या पोटात नको, दोन शब्दांच्या मध्येच द्या.

गोडोची चौथी आवृत्ती देवनागरी नीट जुळवते, तिसरी जुळवत नाही. चौथ्यात रिच टेक्स्ट लेबलच्या ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ मध्ये ‘आफ्टर शेपिंग’ असा पर्याय आहे, तो निवडा. त्याच जागी भाषाही मराठी लावा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. आमच्या मते तर अक्षर सोडाच आणि शब्द-शब्द उमटवा, दर शब्दाला १० फ्रेम. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते बोलण्याच्या जवळ वाटतं.

फॉन्टसाठी मुक्त, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेमबरोबर देता येतात. फॉन्ट पारखायला दोन शब्द पुरतात: ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात र आडवा. दोन्ही सारखे दिसले तर फॉन्ट बदला किंवा टंकलेखन तपासा. आपल्याकडं पालखीच्या प्रसंगात ‘वाऱ्या’ आणि वादळाच्या प्रसंगात ‘वाऱ्यानं’ हे येणारच. ओळींमधली जागाही वाढवा, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात.

संगीत

थोडक्यात. सामान चढवताना गावाचं रोजचं संगीत चालू ठेवा. मायेशी बोलायला गेल्यावर ते तीन सेकंदांत विरवा. ट्रक निघताना फक्त इंजिन आणि हॉर्न. दुःखी बासरी घालायचा मोह आवरा. संगीताच्या ठोक्यावर हालचाल बांधू नका. स्वस्त फोनवर फ्रेम गळतात, चित्र मागे पडतं, संगीत पुढे जातं आणि ठोका भलत्याच क्षणी पडतो.

संगीत न बदलणं हीसुद्धा युक्ती असते. ‘फायनल फँटसी ७’ मध्ये एरिथ गेल्यावर लगेच लढाई लागते, पण नेहमीचं लढाईचं संगीत वाजत नाही. तिचीच धून चालू राहते. एमझेडमध्ये हे करायला लढाई सुरू होण्याआधी लढाईचं संगीत बदलून ठेवायचं, आणि लढाई संपली की न विसरता जुनं परत लावायचं. विसरलात तर पुढच्या शंभर रानडुकरांशी शोकगीत वाजत लढाया होतात.

निवड द्यायची का?

‘माय, जाऊ नको’ आणि ‘नीट जा’ असे दोन पर्याय देऊन दोन्हींनी तेच घडवायचं, ही खोटी निवड खेळणाऱ्याला लगेच कळते. पर्याय दिला तर त्याची खूण कुठंतरी राहिली पाहिजे. ती लगेच दिसायची गरज नाही. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’ मध्ये जत्रेत तुम्ही दुसऱ्याचं जेवण उचलून खाल्लं की नाही, हे पुढे खटल्यात साक्षीदार सांगतात. खाताना कुणी विचारलेलं नसतं. आपल्याकडं तसंच करता येतं. बोचकं उचलताना गोदानं त्यातली एक वाटी काढून ठेवली का, एवढं एका स्विचमध्ये नोंदवा. काढली असेल तर पाडव्याला माय विचारते, ‘कोपीत एक वाटी कमी पडली गं.’ बस.

बटण झटकन दाबून प्रसंगात हस्तक्षेप करू देण्याची तऱ्हा २०१० च्या ‘मास इफेक्ट २’ नं गाजवली. मारामारीच्या प्रसंगाला ती छान. निरोपाच्या प्रसंगात अंगठा सज्ज ठेवून बसलेला माणूस मायेचं बोलणं ऐकत नाही. इथं नको.

निकाल वेगळा, देखावा वेगळा

सगळ्यात जास्त गेम मोडतात ते इथं. कटसीन वगळता आलाच पाहिजे. दुसऱ्यांदा खेळणारे असतात, हरलेले असतात, वीज गेली म्हणून परत सुरू करणारे असतात. पण बदल संवादांच्या अधेमधे पेरलेले असतील तर स्किप केलेल्याची माय पार्टीतच राहते आणि पुढच्या गावात तीच माय पुन्हा भेटते.

म्हणून ‘निकाल’ नावाचा एक कॉमन इव्हेंट (कुठूनही बोलावता येणारा) करा. वहीतल्या ‘नंतर’च्या रकान्यातलं सगळं त्यात, आणि फक्त त्यातच. देखाव्याच्या इव्हेंटमध्ये चालणं-बोलणं तेवढं. देखावा पूर्ण बघितला तरी शेवटी ‘निकाल’ चालतो, स्किप केला तरी लेबलवर (यादीत ठेवलेल्या खुणेवर) उडी मारून तोच चालतो. स्किपसाठी बटण सेकंदभर दाबून धरायला लावा. एका टिचकीत ठेवलं तर संवाद पुढे ढकलताना प्रसंगच उडून जातो.

‘निकाल’ मधला क्रम महत्त्वाचा. पार्टीतून पात्र काढलं तरी एमझेडमध्ये त्याच्या अंगावरच्या वस्तू त्याच्याकडंच राहतात. खेळणाऱ्यानं शेवटचे पैसे घालून अण्णाला चांगला पट्टा घेतला असेल तर तोही ट्रकात जातो, आणि मग शिव्या तुम्हाला. आधी माय-अण्णाच्या सगळ्या वस्तू ‘काहीही नाही’वर आणा, त्या पिशवीत पडतात. मग दोघांना काढा.

पण कोयता जायलाच हवा, कारण त्याच्यावरच पोट आहे. नवरा-बायकोच्या जोडीलाच टोळीत ‘एक कोयता’ म्हणतात. कोयता अण्णाकडंच असेल असं मात्र नाही. खेळणाऱ्यानं तो गोदाच्या हातात दिलेला असू शकतो. शस्त्र कमी करण्याच्या आदेशात ‘अंगावरचंही धरून’ ही खूण करा, म्हणजे कुणाकडंही असला तरी जातो. तो दुकानात विकला जाऊ नये म्हणून किंमत शून्य ठेवा, शून्य किमतीची वस्तू विकता येत नाही. आणि देखाव्यात एक अट घाला. कोयता गोदाच्या हातात असेल तर अण्णा ट्रकात चढताना वळतो आणि म्हणतो, ‘कोयता दे इकडं.’ ती देते. शंभरातल्या पाच खेळणाऱ्यांना हे दिसेल, पण त्यांना प्रसंग आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटेल.

‘निकाल’ च्या शेवटी पडद्याचा रंग मूळपदावर, सोबती दिसणं चालू, सेव्ह चालू, गोदाचा वेग ४. हे चार राहिले तर गेम चालतो, पण विचित्र चालतो, आणि कारण शोधायला दोन दिवस जातात.

पुढची लढाई गोदाला एकटीला झेपेल इतकी सोपी करा. एकच रानडुक्कर, तेही लहान. तिघांच्या हिशेबानं ठेवलेला कळप तिच्यावर सोडलात तर एकटेपणाऐवजी नुसती चीड येते.

तपासणी

स्वतः दहा वेळा खेळून काही कळत नाही, कारण तुम्ही योग्य तेच दाबता. वाकडं वागून बघा. सगळा प्रसंग बटण बडवत पार करा. मग प्रत्येक बॉक्सवर एकेकदा स्किप करून बघा. कोयता गोदाला देऊन बघा. ट्रकाच्या उलट्या दिशेनं पळा. मधेच फोन येऊ द्या, मधेच गेम बंद करून परत लावा. गावाकडं खेळणारे बहुतेक फोनवरच खेळणार, तेव्हा कमी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन उन्हात धरून बघा. संध्याकाळचा निळसर रंग घातला असेल तर त्यात गोदा दिसते का? डाव्या अंगठ्याखाली डायलॉगची पहिली ओळ झाकली जाते का? झाकली जात असेल तर बॉक्स वर न्या.

शेवटी एखाद्याला खेळायला द्या आणि त्याच्या मागे उभे राहा. पडद्याकडं बघू नका, त्याच्या अंगठ्याकडं बघा. ट्रक दिसेनासा झाल्यावर अंगठा लगेच घराकडं वळला तर चढवलेल्या सामानात काहीतरी कमी आहे. तिथं एक खेप वाढवून बघा, किंवा एक कमी करून.